अल्पावरून अखिल : संमिश्र विश्लेषणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

संमिश्र विश्लेषण म्हणजे संमिश्र संख्यांवर चालणाऱ्या फलनांचा काटेकोर अभ्यास. गणितातील सन्मान पदवीच्या, म्हणजे रूढ भाषेत ऑनर्सच्या, अभ्यासक्रमात तो साधारणतः तिसऱ्या वर्षी येतो. तोवर वास्तव संख्यांवरील कलनशास्त्र, सीमा व सातत्य यांच्या नेमक्या व्याख्या आणि अनंत श्रेढींचे अभिसरण हे टप्पे विद्यार्थ्याने ओलांडलेले असतात. फलन म्हणजे प्रत्येक संख्येला एक ठरावीक संख्या नेमून देणारा नियम, आणि विकलज म्हणजे त्या नियमाने मिळणारी किंमत एखाद्या बिंदूपाशी ज्या दराने बदलते तो दर. हा दर वास्तव संख्यांच्या रेषेऐवजी संमिश्र संख्यांच्या प्रतलावर अस्तित्वात असावा, एवढी एकच अट या विषयाच्या मुळाशी आहे. शितावरून भाताची परीक्षा करताना थोडा अंदाजाचा भाग राहतोच. या शास्त्रात मात्र एका लहानशा वर्तुळातील किमती कळल्या, की त्या फलनाचे संपूर्ण प्रदेशातील वर्तन पक्के होते, आणि ते तसे होते हे सिद्धही करता येते. अल्पावरून अखिल निश्चित होणे हाच या विषयाचा गाभा असून, त्याचा अभ्यास याच सूत्राभोवती गुंफला जावा, ही पुढील विवेचनामागची भूमिका आहे.

हा विषय हुबळी-धारवाड परिसराला परका नाही. या परिसरातील तारिहाळ आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. तेथून काही मैलांवर, धारवाडच्या पावटेनगरात, कर्नाटक विद्यापीठाचे आवार आहे, आणि याच विद्यापीठाच्या गणित विभागातून संमिश्र विश्लेषणातील एक महत्त्वाचे प्रमेय १९७६ साली जगापुढे आले. हे विद्यापीठ १९४९ साली मुंबईत स्थापन होऊन १९५० मध्ये धारवाडला आले. त्यापूर्वी, १९१७ साली सुरू झालेल्या कर्नाटक कॉलेजातील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्याच परीक्षा देत. म्हणजे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात किंवा सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात गणित शिकणारा मराठी विद्यार्थी आणि धारवाडचा कन्नड विद्यार्थी हे एकाच विद्यापीठाचे परीक्षार्थी होते. त्या काळी गणितातील श्रेष्ठतेचा मानदंड केंब्रिजची ट्रायपॉस परीक्षा हा होता, आणि त्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यास रँग्लर म्हणत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य म्हणून त्यांनी महाराष्ट्रातील गणितशिक्षणाला दिशा दिली; तर गोकाक तालुक्यातून आलेले डी. सी. पावटे रँग्लर होऊन परतले आणि १९५४ ते १९६७ या काळात कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू राहिले. विद्यापीठाच्या आवाराला आज त्यांचेच नाव आहे. २०१० साली बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत बेळगावच्या महाविद्यालयांतील मराठी विद्यार्थीही धारवाडच्याच अभ्यासक्रमानुसार शिकत होते. सीमाभागातील मराठी विद्यार्थ्याची संमिश्र विश्लेषणाशी पहिली भेट पिढ्यान्‌पिढ्या धारवाडच्या मार्गानेच झाली, असे म्हणण्यास त्यामुळे हरकत नाही.

विषयाचा आरंभ ज्या अडचणीतून झाला, तिचा स्पष्ट उच्चार याच भूमीवर फार पूर्वी झाला होता. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या राज्यात, इसवी सन ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. धन संख्येचा वर्ग धन आणि ऋण संख्येचाही वर्ग धनच येतो, त्यामुळे ऋण संख्या स्वभावतःच कोणाचा वर्ग नसते आणि तिला वर्गमूळ नसते, असे महावीराचार्य त्यात सांगतात. ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण करणाऱ्या भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात हाच निर्णय दिला. हा निर्णय चुकीचा नव्हता. ज्या संख्या त्यांच्यासमोर होत्या, त्यांच्या मर्यादेत तो आजही तितकाच खरा आहे. प्रश्न असा होता की त्या संख्यांच्या पलीकडे पाऊल टाकण्याची निकड कधी भासावी.

ती निकड सोळाव्या शतकात इटलीत भासली, आणि वर्गसमीकरणाने ती आणली नाही, हे विद्यार्थ्याने नीट लक्षात घेण्यासारखे आहे. वर्गसमीकरणात ऋण संख्येचे वर्गमूळ आले, तर उकल नाही असे म्हणून थांबता येते. घनसमीकरणात तसे थांबता येत नाही. एखाद्या संख्येचा घन हा त्या संख्येची पंधरापट अधिक चार इतका असेल, तर ती संख्या कोणती, हा प्रश्न घेतला तर उत्तर ४ आहे, हे पडताळून पाहणे सोपे आहे: ४चा घन ६४, आणि ४ची पंधरापट ६० अधिक ४ म्हणजेही ६४. परंतु कार्दानोच्या १५४५ सालच्या ग्रंथातील सूत्र वापरले, तर मध्येच −१२१चे वर्गमूळ उभे राहते. उत्तर तर समोर आहे, आणि त्याच्याकडे जाणारी वाट मात्र नसलेल्या संख्येतून जाते. राफाएल बोंबेल्ली याने १५७२ साली धीर करून ती वाट चालून पाहिली. २ + √−१ या राशीचा घन नेहमीच्या नियमांनी काढला तर २ + ११√−१ येतो, आणि ११√−१ म्हणजेच −१२१चे वर्गमूळ. तेव्हा सूत्रातील एक घनमूळ २ + √−१, दुसरे २ − √−१, आणि दोहोंची बेरीज ४. वास्तव प्रश्नाचे वास्तव उत्तर मिळवण्यासाठी संमिश्र संख्या अपरिहार्य ठरल्या, त्या इथे. पदवीच्या वर्गात हे गणित फळ्यावर एकदा पूर्ण करून दाखवले, तर ‘या संख्या खऱ्या आहेत का’ या शंकेवर वेगळा वेळ खर्च करावा लागत नाही.

त्यानंतर या संख्यांना जागा मिळण्यास सव्वादोनशे वर्षे लागली. कॅस्पर वेसेल याने १७९७ साली डेन्मार्कच्या अकादमीपुढे आणि आर्गांड याने १८०६ साली स्वतंत्रपणे असे सुचवले, की क्ष + य√−१ ही संख्या म्हणजे प्रतलातील एक बिंदू मानावा, आडव्या अक्षावर क्ष आणि उभ्या अक्षावर य. गाउसने १८३१ साली हीच कल्पना मांडली आणि तिला मान्यता मिळाली. √−१ने गुणणे म्हणजे आरंभबिंदूभोवती काटकोनातून फिरवणे, एवढे एक वाक्य समजले की संमिश्र संख्यांच्या गुणाकारातील गूढ संपते: लांब्यांचा गुणाकार होतो आणि कोनांची बेरीज. पुढच्या सर्व भूमितीचे बीज यात आहे.

विश्लेषणाला खरी सुरुवात होते ती विकलजापासून. वास्तव रेषेवर एखाद्या बिंदूकडे दोनच बाजूंनी जाता येते, डावीकडून आणि उजवीकडून. प्रतलात मात्र अनंत दिशांनी, सरळ किंवा वळणावळणाने, कसेही जाता येते; आणि संमिश्र विकलजाची अट अशी, की कोणत्याही वाटेने गेले तरी बदलाचा दर तोच यावा. ही अट किती कठोर आहे, हे एका साध्या उदाहरणावरून दिसते. प्रत्येक संख्येला तिची आडव्या अक्षातील प्रतिमा, म्हणजे क्ष + य√−१ला क्ष − य√−१, नेमून देणारे फलन घ्यावे. हे फलन सर्वत्र संतत आहे, त्यात कुठे खाच नाही की टोक नाही. तरीही आडव्या दिशेने गेल्यास त्याच्या बदलाचा दर १ येतो आणि उभ्या दिशेने गेल्यास −१, म्हणून संमिश्र अर्थाने त्याला कोठेही विकलज नाही. दर सर्व दिशांनी सारखा यायचा तर फलनाच्या वास्तव आणि काल्पनिक भागांना एकमेकांशी दोन समीकरणांनी बांधून घ्यावे लागते. त्यांना कोशी-रीमान समीकरणे म्हणतात. ज्या फलनाला एखाद्या प्रदेशातील प्रत्येक बिंदूवर असा विकलज आहे, त्याला त्या प्रदेशात वैश्लेषिक म्हणतात. या ठिकाणी घाई करू नये. अनेक विद्यार्थी ही समीकरणे पाठ करून पुढे जातात, आणि अट दिशांविषयी होती हे विसरतात. पुढे सिद्धतांमध्ये जे अडते, त्याचे मूळ पुष्कळदा याच विस्मरणात असते.

या अटीचे फळ कोणते, ते एका जुन्या भारतीय श्रेढीवरून पाहणे उचित ठरेल. १/(१ + क्ष²) हे फलन वास्तव रेषेवर सर्वत्र सुरळीत आहे. छेद कधीही शून्य होत नाही, कारण वर्गात १ मिळवला तर बेरीज निदान १ तरी असतेच. या फलनाची १ − क्ष² + क्ष⁴ − … अशी घातश्रेढी लिहिता येते, म्हणजे क्षच्या वाढत्या घातांची अनंत बेरीज, आणि तिचे पदश: संकलन केले की केरळातील संगमग्रामच्या माधवाच्या नावे ओळखली जाणारी कोनाची श्रेढी मिळते, जिच्यातून परिघ व व्यास यांचे गुणोत्तर काढता येते. पण ही श्रेढी क्षचे मूल्य १च्या पलीकडे गेले की निकामी होते. केरळच्या गणितज्ञांना ही मर्यादा व्यवहारात पुरती ठाऊक होती; म्हणूनच कोन पंचेचाळीस अंशांहून मोठा असेल तर ज्या आणि कोटिज्या यांपैकी जी लहान तिच्यावरून गणित करावे, अशी सूचना त्यांच्या ग्रंथांत आहे. मर्यादा १च का, याचे उत्तर मात्र वास्तव रेषेवर कितीही शोधले तरी सापडत नाही, कारण तेथे क्ष = १पाशी फलनाला काहीच झालेले नसते. संमिश्र प्रतलात पाहिले की उत्तर तत्काळ दिसते: छेद √−१ आणि −√−१ या दोन बिंदूंवर शून्य होतो, आरंभबिंदूपासून ते दोन्ही बरोबर १ अंतरावर आहेत, आणि घातश्रेढीचे वर्तुळ जवळच्या अडथळ्याला स्पर्श करेपर्यंतच वाढू शकते. रेषेवर न दिसणारे दोन बिंदू रेषेवरील श्रेढीचे भवितव्य ठरवतात. सन्मान पदवीच्या विद्यार्थ्यास हा विषय का शिकावा असे विचारल्यास, याहून चांगले उत्तर देणे कठीण आहे.

येथून कोशीकडे वळता येते. ओग्युस्तीन-लुई कोशी याच्या १८१४ व १८२५ सालच्या निबंधांतून आकाराला आलेले प्रमेय असे, की फलन एखाद्या बंद वाटेवर आणि तिच्या आत सर्वत्र वैश्लेषिक असेल, तर त्या वाटेवरून केलेल्या संकलनाचे उत्तर शून्य येते. संकलन म्हणजे वाटेच्या बारीक बारीक तुकड्यांवर फलनाची किंमत व तुकडा यांचे गुणाकार करून घेतलेली बेरीज. विकलज संतत असण्याची जादा अट कोशीच्या मूळ मांडणीत होती. १९०० साली गूर्साने ती अनावश्यक असल्याचे दाखवले, आणि त्याच्या कल्पनेवर आधारलेली, त्रिकोणाचे चार, पुन्हा चार, असे तुकडे पाडत जाणारी सिद्धता आजही वर्गात शिकवली जाते. या प्रमेयावरून कोशीचे संकलनसूत्र निघते, आणि त्याचा एक विशेष असा, की वर्तुळाच्या केंद्रावरील किंमत ही परिघावरील किमतींची सरासरी असते. परिघ माहीत असला की आतले सगळे माहीत झाले. शिवाय एकदा विकलज असलेल्या फलनाला दुसरा, तिसरा, असे हवे तितके विकलज आपोआप मिळतात, आणि प्रत्येक बिंदूभोवती ते फलन घातश्रेढीने अचूक व्यक्त होते. वास्तव कलनात असे काहीच घडत नाही. शून्यापाशी ज्याचे सर्व विकलज शून्य आहेत आणि तरीही जे शून्येतर आहे, असे वास्तव फलन सहज बनवता येते. वैश्लेषिक फलनांत तशा लबाडीला वाव नाही.

अभ्यासक्रमात या भागाची जी अवस्था होते, तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. फलन ज्या एकाकी बिंदूपाशी अमर्याद मोठे होते त्याला ध्रुव म्हणतात, आणि ध्रुवाभोवती फेरी मारून केलेल्या संकलनात जो सहगुणक मागे उरतो त्याला अवशेष म्हणतात. अवशेषांच्या साहाय्याने अवघड वास्तव संकलने चुटकीसरशी सुटतात, उदाहरणार्थ एका पूर्ण फेऱ्यातील १/(अ + ब कोज्या)चे संकलन. आणि परीक्षेत विचारण्यास हा प्रकार सोयीचा असल्याने प्रश्नपत्रिकांत त्याला मानाचे स्थान मिळते. अशा स्थितीत विद्यार्थी ध्रुव शोधतो, अवशेष काढतो, २π√−१ने गुणतो, आणि उत्तर बरोबर येते. पण फेरीच्या आकाराने उत्तर का बदलत नाही, असे विचारल्यास तो गप्प होतो. कोशीचे प्रमेय हे त्या ‘का’चे उत्तर आहे. कृती येणे चांगलेच. पण सन्मान पदवीचा सन्मान कृतीत नसून सिद्धतेत आहे. कर्नाटकाने २०२१ साली नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी लागू केली आणि २०२४ साली राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळले. वर्षे तीन असोत वा चार, गूर्साची सिद्धता विद्यार्थ्याला पुस्तक मिटून लिहिता आली पाहिजे, आणि तेवढा अवकाश अभ्यासक्रमाने त्याला दिला पाहिजे.

कृती आणि सिद्धता यांतील हे अंतर केवळ विद्यापीठाच्या भिंतींआड राहणारे नाही. तारिहाळसारख्या औद्योगिक वसाहतीत यंत्राचा वेग, तापमान किंवा दाब आपोआप ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या नियंत्रण-यंत्रणा लागतात, आणि अशी यंत्रणा स्थिर राहील की हेलकावे खात हाताबाहेर जाईल, हे ठरवण्याची एक कसोटी हॅरी नाइक्विस्ट याने १९३२ साली दिली. फलनाचा आलेख एका बिंदूभोवती किती फेऱ्या घेतो, यावरून त्या फलनाची शून्ये आणि ध्रुव यांच्या संख्यांतील फरक कळतो, हे कोशीच्या प्रमेयावरून निघणारे तत्त्व त्या कसोटीच्या तळाशी आहे. अभियंता फेऱ्या मोजतो आणि निर्णय घेतो. फेऱ्या मोजून आतील शून्यांची संख्या का कळावी, हे गणिताच्या विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. दोघांनी एकमेकांचे काम थोडे जाणून घेतले तर दोघांचाही फायदा होतो.

संख्यासिद्धांताशी असलेला या विषयाचा संबंध याहून सखोल आहे. बेर्नहार्ड रीमान याने १८५१च्या प्रबंधात या विषयाला भौमितिक रूप दिले, आणि १८५९ साली एका छोट्या निबंधात मूळ संख्यांची वाटणी झीटा नावाच्या संमिश्र फलनाच्या शून्यांवर कशी अवलंबून आहे हे दाखवले; त्याच वाटेने जाऊन आदामार आणि द ला व्हॅले पूसँ यांनी १८९६ साली मूळ संख्यांचे प्रमेय स्वतंत्रपणे सिद्ध केले. श्रीनिवास रामानुजन यांची प्रतिभा अलौकिक होती, तरीही मूळ संख्यांविषयीची त्यांची सुरुवातीची काही विधाने चुकली, आणि झीटा फलनाच्या संमिश्र शून्यांचा विचार त्यात नव्हता हे त्याचे कारण त्यांचे सहकारी हार्डी यांनी नोंदवले आहे. प्रतिभेला जे दिसले नाही, ते सामान्य विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस निदान कळू शकते, ही या शास्त्राची मोठी देणगी आहे.

अभ्यासाच्या साधनांविषयी थोडे सांगणे इष्ट. भारतातील अनेक पिढ्या शांती नारायण यांच्या पाठ्यपुस्तकावर वाढल्या. सोडवलेल्या उदाहरणांसाठी ते आजही उपयोगी आहे. सिद्धतेच्या वळणाची सवय लागावी म्हणून लार्स आल्फोर्स यांचे १९५३ सालचे पुस्तक वाचावे. ते दाट आहे, पण त्यातील एकेक पान कागद-पेन्सिल घेऊन वाचणाऱ्याला वर्षभर पुरते. पूर्वतयारी म्हणून एकसमान अभिसरण, म्हणजे श्रेढीची उरलेली बेरीज एका संपूर्ण प्रदेशात एकाच वेगाने आटोक्यात येणे, ही कल्पना पक्की असावी. ती कच्ची राहिली तर घातश्रेढीचे प्रकरण समजल्यासारखे वाटते आणि समजत नाही. मराठीतून या विषयाचा विचार करणाऱ्यासही पाठ्यपुस्तके इंग्रजीतच वाचावी लागणार, यात शंका नाही. परंतु सिद्धतेतील ‘समजा असे नाही, तर काय होईल’ हा विचार ज्या भाषेत घरी वाद घातला जातो त्याच भाषेत मनात चालतो, आणि धारवाड-बेळगावकडच्या मराठी विद्यार्थ्याला तर रस्त्यावर कन्नड, वर्गात इंग्रजी आणि घरी मराठी अशी त्रिभाषिक ये-जा रोज करावी लागते. त्याच्या हाती निदान विषयाचा सांगाडा स्वतःच्या भाषेत असावा.

आता सुरुवातीला सूचित केलेल्या प्रमेयाकडे. जे फलन संपूर्ण प्रतलात वैश्लेषिक आहे आणि ज्याच्या किमती एका मर्यादेच्या आत राहतात, ते स्थिर असते, म्हणजे सर्वत्र एकच किंमत घेते. हे लियूव्हिल यांचे प्रमेय कोशीच्या सूत्रावरून दोन ओळींत निघते, आणि त्यावरून स्थिर नसलेल्या प्रत्येक बहुपदीला संमिश्र संख्यांत मूळ असते हे बीजगणिताचे मूलभूत प्रमेयही निघते. एमिल पिकार याने १८७९ साली याच्या खूप पुढे मजल मारली: संपूर्ण प्रतलात वैश्लेषिक असलेले आणि स्थिर नसलेले फलन, फार तर एक किंमत वगळून, सगळ्या किमती घेते. घातांकी फलन शून्य ही किंमत कधीही घेत नाही, बाकी सर्व घेते. दुसरी कोणतीही किंमत त्याला वगळता येत नाही. फिनलंडच्या रोल्फ नेवानलिन्ना याने १९२५च्या सुमारास या प्रश्नाचे मोजमाप करण्याचे शास्त्र उभारले, आणि त्याचाच शिष्य आल्फोर्स पुढे फील्ड्स पदकाचा पहिल्या वर्षीचा, म्हणजे १९३६चा, मानकरी झाला. ध्रुवांखेरीज अन्य दोष नसलेल्या फलनाला मेरोमॉर्फिक म्हणतात, आणि ध्रुवापाशी त्याची किंमत ‘अनंत’ आहे असे मानतात. दोन फलने एखादी किंमत अगदी त्याच त्या बिंदूंवर घेत असतील, तर ती किंमत दोघांत सामाईक आहे असे म्हणावे. नेवानलिन्नाचे प्रमेय असे, की स्थिर नसलेल्या दोन मेरोमॉर्फिक फलनांत पाच किमती सामाईक असतील, तर ती दोन फलने एकच असतात. चार पुरत नाहीत, हे एका उदाहरणाने दिसते: घातांकी फलन आणि त्याचे व्यस्त यांच्यात ०, अनंत, १ आणि −१ या चार किमती सामाईक आहेत, कारण पहिल्या दोन कोणीच घेत नाही आणि उरलेल्या दोन दोघेही एकाच ठिकाणी घेतात.

सत्तरीच्या दशकात धारवाडच्या गणित विभागात नेमका हाच विषय जोमाने हाताळला जात होता. एस. के. सिंह आणि एच. एस. गोपालकृष्ण यांचा अपवादात्मक किमतींवरील निबंध १९७१ साली जर्मनीच्या ‘मॅथेमॅटिशे आनालेन’मध्ये आला, आणि गोपालकृष्ण व सुभाष भूसनूरमठ यांचा एकमेवतेवरील निबंध १९७६ साली ‘मॅथेमॅटिका स्कँडिनाव्हिका’मध्ये. एखादी किंमत फलन एखाद्या बिंदूवर साधेपणाने घेते किंवा तिथे दोनदा, तीनदा ‘रेंगाळून’ घेते. या पटीला बहुलता म्हणतात. सगळे बिंदू जुळले पाहिजेत असा आग्रह न धरता, ठरावीक बहुलतेपर्यंतचेच बिंदू जुळतात एवढेच माहीत असेल, तर किती किमती लागतील, हा त्या दोघांचा प्रश्न होता, आणि त्यांनी त्याला एका असमानतेत उत्तर दिले. तिच्यावरून असे निघते, की केवळ साधे बिंदू जुळत असतील तर सात किमती पुरतात, दुपटीपर्यंतचे जुळत असतील तर सहा, आणि तिपटीपर्यंतचे जुळत असतील तर नेवानलिन्नाच्या पाचच. माहिती कमी केली, तर तिची किंमत नेमकी किती किमतींत मोजावी लागते, हे त्यातून कळते. जगभरातील या क्षेत्राच्या लेखनात आजही त्या निबंधाचा हवाला दिला जातो.

तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला या प्रमेयाची सिद्धता लगेच झेपणार नाही, पण विधान झेपते, आणि कोशीपासून तिथवरचा रस्ता अखंड आहे. रस्ता तेथे संपतही नाही. दोन भिन्न फलनांत चार किमती बहुलतेसह सामाईक असतील, तर त्यांतील एक फलन दुसऱ्याचे अंश-छेद स्वरूपातील साधे रूपांतर असते, हेही नेवानलिन्नाने दाखवले होते. अमेरिकेतील गॅरी गुंडरसन यांनी १९७९ साली एक उदाहरण देऊन सिद्ध केले, की चारही ठिकाणी बहुलतेची अट सोडली तर हे खरे राहत नाही. तीन किमतींसाठी ती अट ठेवून चौथीसाठी सोडली तर ते खरे राहते. १९८३ साली त्यांनी दाखवले, की दोन किमतींसाठी ठेवली आणि दोहोंसाठी सोडली तरीही ते खरे राहते. फक्त एका किमतीसाठी बहुलतेची अट ठेवून उरलेल्या तीन किमतींसाठी ती सोडली तर काय होते, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.